खाचेचा धोटा

विव्हिंग मास्तरांनी माझ्या टेबलावर चार धोटे आपटले आणि म्हणाले, "घ्या. तुमच्या कामगारांची करणी."

धोटे नवे कोरे होते. पण कुणीतरी कानशीनं घासून त्यांच्या खाचेची कड खडबडीत केली होती. म्हणजे सूत तुटलंच पाहिजे.

सोलापूरच्या एका कापड गिरणीत मी तेव्हा लेबर ऑफिसर होतो. सत्तरचं दशक. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा, होडीच्या आकाराचा लाकडी ठोकळा. आत सुताची कांडी बसवायची आणि धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून सूत बाहेर ओढायचं, ही जुनी रीत. एकच धोटा सगळ्या पाळ्यांच्या तोंडात फिरायचा, आणि त्याच्याबरोबर क्षयही फिरायचा. म्हणून खाचेचे धोटे आणले. त्यात सूत बोटानं ओवता येतं. यात वाईट काय होतं, सांगा!

तक्रारी मात्र रोज. धोटा जड आहे, सूत अडकतं, प्रॉडक्शन घटतं. मास्तरांनी ट्रायल घेतली, काही घटत नव्हतं. बदल म्हटला की या लोकांच्या पोटात गोळा येतो, असं म्हणून ते मोकळे झाले. मलाही ते पटलं.

मग लक्ष्मण आला. हा कार्डिंग खात्यातला, म्हणजे कापूस पिंजतात तिथला. तिथं माणूस दिवसभर कापसाची धूळ गिळतो. खातं बदला, नाहीतर छाती राहणार नाही, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. विव्हिंगमध्ये घ्या म्हणून तो किती वर्षं मागं लागला होता. दर वेळी एकच उत्तर: धोटा सगळ्यांच्या तोंडात जातो, तुझं कसं चालेल? लक्ष्मण दलित वस्तीतला. कायदा काय तो गिरणीच्या फाटकाबाहेर.

"साहेब, आता तोंड लावायचंच न्हाय म्हणत्यात," तो म्हणाला. "मग माजं जमंल की."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी बसप्पाकडे गेलो. बसप्पा मंद्रूपचा, विव्हिंगमधला सगळ्यात जुना माणूस. खातं त्याच्या शब्दाबाहेर जात नसे. खोकल्यानं बेजार होता. आडून आडून न विचारता मी सरळ विचारलं, कानस कुणाची? त्यानं जुना धोटा तोंडाला लावला, सूत ओढलं, आणि मग बोलला.

"मशीन बदला साहेब, शिकू की आमी. शेजारी कोन हुबा करनार, त्ये आदी सांगा."

असा संताप आला! तणतणत मास्तरांकडे गेलो. ते जराही दचकले नाहीत. एका माणसासाठी खातं बंद पाडणार का, एवढंच त्यांनी विचारलं. नवे धोटे गोडाऊनमध्ये गेले.

पुढं बसप्पाला क्षयानं गाठलं आणि त्याची जागा रिकामी झाली. मी लक्ष्मणचं नाव लावून धरलं. खातं बंद पडेल, असा विव्हिंगमधून निरोप आला. बसप्पाचा मुलगा बदली कामगार म्हणून उभा राहिला, बापाच्याच मागावर, बापाचाच धोटा घेऊन. तो तोंडाशी नेताना मी त्याचा हात धरला. या रोगानं तुझा बाप अंथरुणाला खिळलाय, असं स्पष्ट सांगितलं.

त्यानं हात सोडवून घेतला. "माज्या वडलांचंच तोंड लागलंय की त्याला. परक्याचं न्हाय."

पुढं त्याच्याही एक्स-रेमध्ये डाग निघाला.

लक्ष्मण कार्डिंगमध्येच राहिला, नाकातोंडाला फडकं बांधून. रिटायर व्हायच्या आतच गेला.

नंतर मॅनेजमेंटच्या कितीतरी ट्रेनिंगांना बसलो. मशीनची तक्रार आली की मशीनच्या शेजारी कोण येणार आहे ते आधी बघावं, हे तिथं कुणी शिकवलं नाही. कामगाराला बदल नको असतो, हे मात्र दर वेळी शिकवलं. लक्ष्मण कामगारच होता.