निळ्या मण्यांचा अणू

गल्लीत त्यांना सगळे अणुकाका म्हणत. धंद्याने सुतार. खुर्ची करायला दिलीत तर जन्मभर डुलत बसाल; पण लाकडी गोळा असा घडवत, की हातातून खाली ठेवू नये. म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेचे नमुने वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच.

पहिला अणू म्हणजे नुसता भरीव गोळा. अणू फुटतच नाही, असं शास्त्रज्ञ म्हणत होते तेव्हाचा. पुढे त्यात आणखी बारीक कण सापडले, म्हणून काकांनी दुसऱ्या गोळ्यात कलिंगडातल्या बियांसारखे मणी बसवले. मग कुणीतरी सोन्याच्या पातळ पत्र्यावर कण मारून पाहिले. बहुतेक आरपार गेले, एखादाच उलटा आला. म्हणजे मधे इवलासा घट्ट गाभा, बाकी सगळी पोकळी! काकांनी तारेची कडी वाकवली आणि त्यांवर मणी फिरते केले.

"हे शास्त्रज्ञ आमच्या गिऱ्हाइकांसारखेच," काका म्हणत. "कपाट भिंतीला लागलं, की म्हणणार दार दुसरीकडे हवं."

मणी काकू रंगवायच्या. निळे. धीर म्हणून नाही बाईंना! रंग ओला असतानाच उचलून बघायच्या.

"अगं, वाळू दे की! पुन्हा अंगठा उमटला."

"उमटू दे. तुमच्या अणूवर माझी सही."

"प्राध्यापक विचारतील ना, अणूला बोटं कुठून आली?"

"सांगा, बायकोची आहेत. गप्प बसतील."

गेल्या वर्षी काकू गेल्या. साड्या बहिणींनी वाटून घेतल्या. सुनेने मायेने सगळं घर घासूनपुसून लख्ख केलं, डब्यांवरचे तेलकट हातसुद्धा. काकांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. काकूंचा हात आता एकाच ठिकाणी उरला होता, कॉलेजच्या काचेच्या कपाटात.

तेवढ्यात कॉलेजातून बोलावणं आलं. नव्या मॅडम म्हणाल्या, "काका, कड्यांचा नमुना काढून टाकतोय. मुलांना वाटतं, इलेक्ट्रॉन खरंच असे रुळावरून धावतात."

"मग कुठे असतात?"

"नेमकं सांगता येत नाही. कुठे सापडायची शक्यता जास्त, कुठे कमी, एवढंच. म्हणून ढगासारखा दाखवतात."

"असं होय," काका म्हणाले. "आमच्या घरातही हल्ली तसंच आहे."

मॅडमना ते कळलं नाही. त्या नव्या नमुन्याच्या काचांची मापं सांगू लागल्या.

"पैसे नकोत," काका म्हणाले. "जुना मला द्या, म्हणजे झालं." मॅडमनी आनंदाने होकार दिला.

काकांनी काचेच्या तावदानांची एकामागे एक रांग लावली आणि प्रत्येकावर स्वतःच्या हाताने निळे ठिपके दिले. मधोमध दाट, कडेला विरळ. शेजारणीने खिडकीतून डोकावून विचारलं, "काका, माश्या बसल्यात की काय?" एरवी काकांनी तिला सोडलं नसतं. या वेळी मान वर केली नाही.

नवा नमुना पाहून मॅडम खूश झाल्या. प्रयोगशाळेचा शिपाई जुना अणू घेऊन आला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"काका, तुम्ही नेणार म्हटल्यावर तसाच कसा देऊ? मण्यांवर कसले तरी डाग होते. एकेक घासून काढला, नवा रंग दिला. बघा!"

मणी आरशासारखे चमकत होते. काकांनी एक फिरवून पाहिला. मग दुसरा. मग सगळे.

"आवडलं ना?"

"छान केलंस रे. हात चांगला आहे तुझा." काकांनी अणू खाली ठेवला. "घासलंस कशाने?"

"पॉलिश पेपरने."

"कुठाय तो?"

कचऱ्याच्या डब्यात होता. झिजलेला, निळी भुकटी बसलेला. काकांनी तो न झटकता हलकेच घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"तो संपलाय, काका. नवा देऊ?"

"नको. हाच राहू दे."

ते जिना उतरू लागले, तेव्हा शिपाई वरून ओरडला, "काका, अहो, अणू राहिला!"

काका थांबले. बिचाऱ्याने दोन दुपारी घालवल्या होत्या त्यावर. ते परत चढून आले आणि अणू काखेत घेतला.

गल्लीच्या तोंडाशी शेजारीण होतीच. "अगंबाई, नवा केलात?"

"हो," काका म्हणाले. "अगदी नवा."