चढलेलं पाणी

चाचा आधी विहिरीत खडा टाकायचे. मग कानामागं हात धरून, डोळे मिटून म्हणायचे, "बोलतीया. जरा गप बसा की." काय बोलायची ते त्यांनाच ठाऊक. काम पंप बसवायचं आणि गाळ काढायचं, पण थाट असा, की पाण्यानं त्यांना विचारूनच वर यावं.

मी गल्लीतला नकल्या. चाचांची नक्कल तर माझी खास. तेच म्हणायचे, "आवाज जमतोय रं, पन हे पोट कुटनं आननार?"

आमची वस्ती कागलकडं जाणाऱ्या रस्त्याला. नळाला पाणी आलं तर आमच्याकडं बातमी होते. सगळी भिस्त मधल्या विहिरीवर. त्यात शेजारच्या अक्कांच्या म्हशी, दुधावर घर चाललेलं. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली तेव्हा अक्कांनी बोरची गाडी ठरवली, आणि तोवर म्हणून चाचांना गाळ काढायला लावलं.

गाळ निघाला आणि दुसऱ्याच पहाटे भूकंपाचा धक्का बसला. कोयनेकडं होतात तसला, छोटासाच. भांडी वाजली, आम्ही चड्डीवर बाहेर. उजाडल्यावर बघतोय तर विहिरीच्या खालच्या पायऱ्या पाण्यात.

"चाचांनी झरा मोकळा केला की," कुणीतरी म्हणालं. झालं. कोल्हापुरात कुणाचं काही चांगलं झालं, की पहिलं फेटा बांधायला डोकं शोधतात. "आरं, ऐका तरी," चाचा म्हणत होते. हलगी सुरू झाली. गुलाल उडाला, तांबडा-पांढरा रस्सा झाला, मी चाचांच्या समोर चाचा करून दाखवला, तेही पोट धरून हसले. मग ते "ऐका" म्हणायचे थांबले.

अक्कांनी विचारलं, "मग बोरची गाडी नगं म्हणून सांगू व्हय, चाचा?"

चाचांनी फेटा सावरला. "सांग की."

थोड्याच दिवसांत पाणी जसं आलं तसं उतरलं. पुन्हा तळ दिसला. बोरची गाडी लांब दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेलेली. अक्कांना एक म्हैस विकावी लागली.

म्हैस टेंपोत चढली त्या दिवशी चाचा आले. फेटा घडी करून पिशवीत आणलेला. तो त्यांनी अक्कांच्या कट्ट्यावर ठेवला.

"मला ठावं हुतं, अक्का. जमीन हलली की खालच्या भेगा दबत्यात, पानी वर येतं. पन ते ऱ्हात न्हाय. उस्तादानं दाखवलेलं मला."

"मग तवा का बोलला न्हाईसा?"

"डोस्क्यावर फेटा हुता की."

एरवी यावर गल्ली लोळून हसली असती. कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या चपला बघत होते. ते ऐका म्हणत होते तेव्हा हलगी जोरात वाजवणारे आम्हीच.

नंतर चाचा रोज एम-एटी गाडीवर पाण्याचे कॅन लादून आणायचे आणि अक्कांच्या पिंपात ओतून जायचे. चहाला थांबायचे नाहीत. पुढं गुडघे गेले, तेव्हा लेकीनं जयसिंगपूरला नेलं. कट्ट्यावर पोरं अजून म्हणतात, "चाचा कर की." मी घसा खाकरतो, पण आवाज येत नाही. त्यांना वाटतं भाव खातोय.

परवा पुन्हा धक्का बसला. सकाळी पाणी चढलेलं. सगळे काठावर उभे, पण कुणी कुणाच्या तोंडाकडं बघेना. मी फोन लावला.

"चाचा, पाणी चढलंय."

"गढूळ हाय?"

"जरासं."

"मग बघत काय बसलायसा? हाय तवर भरून घ्या. पयलं अक्काचं पिंप."

"तुमी या की एकदा."

अक्कांनी ओले हात पदराला पुसले आणि माझ्याकडनं फोन घेतला.

"जेवला काय?" त्यांनी विचारलं.

पलीकडनं फोन कधीच ठेवलेला. अक्कांना ते कळलं असावं. तरी फोन तसाच कानाला धरून त्या उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्या हातानं आम्हाला बादल्या सोडायची खूण केली.