झाकणातली बाई

चिंचेने घासलेल्या पितळेचा वास आला की मला अंबरनाथच्या कारखान्याच्या क्वार्टरमधली एक दुपार आठवते. मला चित्रकलेच्या परीक्षेला बसू द्यावं, हे वडिलांना सांगायला आमच्या ड्रॉइंगच्या सिंधी बाई उल्हासनगरच्या कॅम्पातून आल्या होत्या, फाळणीत कराचीहून वाचवून आणलेलं विलायती चित्रांचं जाडजूड पुस्तक घेऊन. वडिलांनी पानं चाळली आणि विचारलं, "यातला एक तरी चित्रकार बाई आहे का?" भांडी घासता घासता उठून चहा घेऊन आलेली आई उघड्या पानाकडे बघत राहिली. त्यावर चीज, बदाम आणि धातूच्या झाकणाची सुरई होती. "अहो, झाकणात बघा," ती म्हणाली, "घासलेल्या भांड्यात दिसतं तसं बाईचं तोंड आहे." वडिलांनी पुस्तक खिडकीपाशी नेलं. चकाकीत खरंच नखाएवढा चेहरा होता. "वो खुद है, बनानेवाली," बाई म्हणाल्या, "तीनसौ साल पहले की." "मग एवढीशी का काढली?" वडिलांनी विचारलं. "मोठी काढली असती तर पुसायला लावली असती," आई म्हणाली आणि उरलेली भांडी घासायला गेली. परीक्षेला मी बसले. आता माझ्या चित्रांवर मी सही करते, ती दारातून वाचता येईल एवढी.