गो-कार्टला हात करणारी माणसं

बाबांनी उभी हयात मुरबाड-कल्याण जीप चालवली. रस्त्यात कुणी हात केला की जीप थांबणार, मग आत पाय ठेवायला जागा असो वा नसो. गेल्या वर्षापासून मात्र त्यांच्या डाव्या डोळ्यावरून घरात कुरबुर सुरू होती. दोनदा जीप डावीकडून बांधाला घासली. बाबांच्या मते दोन्ही वेळा बांधच पुढे आला होता. डॉक्टरांचं नाव काढलं की ते ताटावरून उठायचे. जीप बंद करा म्हणून सांगायचं काम शेवटी माझ्या गळ्यात पडलं.

मला तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून मी आडवाट धरली. शहापूरच्या बाजूला नवं पार्क झालंय. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा आणि मागे गो-कार्टचा ट्रॅक. एका रविवारी बाबांना तिथे घेऊन गेले.

"बाबा, इथं नीट चालवून दाखवा, मग मी डोळ्याचा विषय काढनार नाय," असं मी बोलून बसले.

हेल्मेट चढवून बाबा त्या बुटक्या गाडीत बसले, तेव्हा त्यांचे गुडघे कानाला लागत होते. पहिल्याच वळणावर उजवीकडच्या जाळीमागे सहलीला आलेली शाळेची पोरं उभी होती. त्यांनी आरडाओरडा करत हात वर केले. बाबांनी कचकन ब्रेक मारला, मागे वळून रिकामी सीट शोधली आणि ओरडले, "जागा नाय रे, पाठची गाडी घ्या!" पाठच्या गाड्या तोवर एकमेकींवर आदळल्या होत्या. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. शिट्टी फुंकून दमलेला ट्रॅकवाला म्हणाला, "काका, रेस आहे ही!"

"म्हनून काय मानसं सोडून जायची?"

मी हसून हसून बेजार. एवढ्या लांबचे हात दिसतात म्हणजे आपलीच भीती खोटी, असं वाटून मला फार हलकं वाटलं. मग मलाही चेव आला. शेवटच्या फेरीला मी पळत पलीकडे गेले, ट्रॅकच्या डाव्या कडेला टायरांच्या रांगेमागे उभी राहिले आणि माहेरी निघालेल्या बाईसारखा ऐटीत हात केला. जीपवाल्याचं गिऱ्हाईक नेहमी डावीकडेच उभं असतं.

बाबा माझ्यापासून दोन हातांवरून गेले. थांबले नाहीत.

उतरल्यावर ते खुशीत होते. "बगितलंस? एक मानूस सोडला नाय."

मला गप्प बसता आलं असतं. "एक सोडलात," मी म्हणाले. "डाव्या कडेला मी होते. हात केला होता."

बाबांनी वळून त्या टायरांकडे बघितलं. मला स्वतःचा भयंकर राग आला.

बाहेर जीपपाशी आल्यावर त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि वळसा घालून बाजूच्या सीटवर जाऊन बसले.

"आता रस्त्यात कोनी हात केला तं तूच बघ गो," ते म्हणाले.