नळ चावायलाय

हे मी कुणाजवळ बोललेलं नाही. सख्ख्या बहिणीजवळ नाही, आणि देवासमोर उभी राहिले तेव्हाही नाही. तिथंसुद्धा डोळे मिटून दुसरंच काहीतरी मागत राहिले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं बहुतेक.

आमचा फ्लॅट नांदेडला, विष्णुपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. इमारत चार मजल्यांची, आम्ही तिसऱ्यावर. घरात तेव्हा मी, माझे यजमान विलास आणि माझ्या सासूबाई. मुलगी लातूरला शिकायला. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. सासरे गेल्यावर त्या देगलूरकडचं गाव सोडून आमच्याकडे आल्या. कशा होत्या? वाईट असत्या तर हे सांगायची वेळच आली नसती. भाजी खारट झाली तरी 'झ्याक झालीया' म्हणून खायच्या. माझं डोकं दुखलं की न सांगता पोळ्या लाटून ठेवायच्या. पण दिवसभर हॉलमध्ये बसलेल्या असायच्या. मी फोनवर बोलले, कपाट उघडलं, उगाच खिडकीत उभी राहिले — त्या तिथं. विलास ऑफिसातून आले की आधी त्यांच्याजवळ टेकायचे. मला माझं घर पाहिजे होतं. एवढंच. याला कारण म्हणायचं तर म्हणा. मी म्हणत नाही.

थंडी पडायला लागली होती. घरात सगळ्यांच्या आधी अंघोळ आत्यांची. त्या सकाळी त्या अर्धवट भिजलेल्या लुगड्यातच बाहेर आल्या, उजवा हात छातीशी धरून.

"शोभा, नळ चावायलाय गं."

मला आधी कळलंच नाही. नळ चावतो म्हणजे? त्या म्हणाल्या, हात लावला की मुंग्या येतात, पार कोपरापर्यंत चढतात. विलास उठले, पायात चप्पल सरकवून तसेच बाथरूममध्ये गेले, नळ धरला, गीझर चालू-बंद करून पाहिला. काही नाही.

"माय, काई न्हाई गं. गार पाण्यानं हात बधिर झाला आसंल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्याही. कधी जास्त, कधी कमी, कधी अजिबात नाही. शेवटी विलासनी रशीदभाईंना बोलावलं. आमच्या इमारतीचं विजेचं काम तेच बघायचे. ते भर दुपारी आले. आमचा गीझर उघडला, वायरी बघितल्या, नळाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही.

"ताई, बिल्कुल करंट न्हाई. गीझर तुमचा एकदम चांगला हाय."

आत्या दारात उभ्या होत्या. त्यांनी रशीदभाईंकडे बघितलं, मग नळाकडे.

इथपर्यंत माझी काही चूक नव्हती. यापुढचं सांगायला मला वेळ लागतोय — तेवढा घेऊ द्या.

त्यानंतर काही दिवसांनी विलास टूरवर होते. बाथरूममधल्या माझ्या रबरी चपलेचा पट्टा तुटला होता, म्हणून अनवाणीच आत गेले. फरशी ओली होती. आमचा गीझर बंद होता. मी नळाला हात लावला.

मुंग्या नव्हत्या त्या. आतून कुणीतरी हात धरला होता. दंडापर्यंत सगळं आखडलं आणि बोटं सुटेनात. किती वेळ? क्षणभरच असेल. मी मागे भिंतीवर आदळले, तांब्या खाली पडला. बाहेरून आत्यांचा आवाज आला — "काय झालं गं? चावला का?"

मी दार उघडलं. त्या समोरच उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला आजही दिसतं. भीती होती, पण भीतीच्या मागे आशा होती. आता ही सांगेल. आता हिला कळलं.

"तांब्या निसटला," मी म्हणाले.

असं का बोलले? ठरवून नाही बोलले. पण नंतर? नंतरच्या प्रत्येक सकाळी मी ठरवूनच गप्प होते. त्याच दिवशी बाजारात जाऊन नवीन रबरी चप्पल आणली. जाड तळव्याची. ती घातली की काही जाणवायचं नाही. विलासना का जाणवलं नव्हतं, तेही मला तेव्हाच कळलं. ते कधीच अनवाणी जात नसत. आत्या मात्र घरात चप्पल घालत नव्हत्या. अंघोळीला चप्पल, हे त्यांना विटाळ केल्यासारखं वाटायचं. मी सांगितलं असतं तर घातली असती. माझं त्या ऐकायच्या.

मी एकच जोड आणला.

आणि सकाळी त्या बाथरूममध्ये गेल्या की मी स्वयंपाकघरात उभी राहायचे. गॅस पेटवायचे नाही. ऐकत राहायचे. पाण्याचा आवाज, मग थांबायचा, मग एकदम श्वास ओढल्यासारखं काहीतरी. मग पुन्हा पाणी. मी कशाची वाट बघत होते? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. त्या घाबरून स्वतःहून देगलूरला जाव्यात, याची — असं मी स्वतःला सांगत आले. पण करंट माणसाला नुसता घाबरवत नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? माझी स्वतःची बोटं सुटत नव्हती ना त्या दिवशी? ठाऊक होतं. ठाऊक असून मी तिथं उभी राहून ऐकत होते.

आत्यांनी नळाला हात लावणं सोडलं. आधी फडक्यानं धरायच्या, मग काठीनं ढकलायच्या, मग अंघोळच टाळायला लागल्या. भांडी घासायला बसायच्या नाहीत. पाणी प्यायच्या ते मी ओतून दिलं तरच. एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुला कदीच कसं चावत न्हाई गं?" मी हसले. विलासना मात्र हळू आवाजात सांगितलं, "आत्यांचं काहीतरी बिघडलंय हो. वय झालंय." पुढे शेजारणींना सांगितलं, देगलूरच्या जाऊबाईंना फोनवर सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज इतका काळजीचा व्हायचा, की मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं.

विलास त्यांना लातूरला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी आत्या दिवसाही पेंगायला लागल्या, बोलताना शब्द अडायला लागले, आणि मग कुणालाच शंका राहिली नाही. थोरले दीर येऊन त्यांना देगलूरला घेऊन गेले. जाताना त्या माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "माझ्यापायी लई तरास झाला तुला." गाडी वळून दिसेनाशी झाली. मी वर आले, दार लावलं आणि हॉलमध्ये त्यांच्या जागेवर बसले. बरं वाटलं. खोटं सांगत नाही — बरं वाटलं.

पुढच्या थंडीत चौथ्या मजल्यावरची एक बाळंतीण बाथरूममध्ये नळाला चिकटली. सासूनं आरडाओरडा करून खालचा साऱ्या इमारतीचा मेन स्विच बंद करायला लावला, म्हणून वाचली. या वेळी रशीदभाई सकाळी आले, सगळ्यांची अंघोळीची वेळ गाठून. त्यांनी प्रत्येक फ्लॅटचा मेन बंद करायला लावला. आमच्या बाथरूममध्ये बसून मीटरचं एक टोक नळाला लावलं, दुसरं पाणी जायच्या जाळीजवळच्या ओल्या फरशीला. मग जिन्यातून ओरडून एकेक घर चालू करायला सांगितलं. पहिला मजला — काही नाही. दुसऱ्या मजल्यावरचं पहिलं घर — काही नाही. दुसरं घर, आमच्या बरोबर खालचं. तिथल्यांनी गीझरचं बटण दाबलं, आणि इथं मीटरवरचे आकडे उडाले. आमच्या घरातला मेन बंद होता. तरी आमच्या नळात करंट होता.

रशीदभाई भराभरा खाली उतरले. आम्ही सगळे मागोमाग. खालच्यांच्या गीझरची कॉइल फुटून पाण्यात करंट सोडत होती. पण तो जमिनीत जायला पाहिजे होता, वर का चढला? त्यांनी सगळ्या घरांची अर्थिंगची एकत्र तार पाइप-वायरींच्या डक्टमधून बोटांनी चाचपत पार्किंगच्या कोपऱ्यापर्यंत आणली. तिथं मातीतल्या खड्ड्यात ती जोडलेली असते. त्यांनी ओढली. तार अलगद हातात आली. टोक गंजून चुरा झालं होतं.

"जमिनीत जायला रस्ताच न्हाई," ते म्हणाले. "मग एका गीझरातला करंट ह्या तारेनं सगळ्यांच्या गीझरात, नळात फिरणारच की."

विलास पुढे सरकले. "हे कधीपासून आसंल?"

"ते कसं सांगावं, साहेब? तार गंजायला लई दिवस लागतात. पण कॉइल कधी फुटली — काल फुटली आसंल, वर्षाखाली फुटली आसंल. कुणाला आधी झटका बसला आसंल तर त्यानंच सांगावं."

सगळे एकमेकांकडे बघत होते. बहुतेकांच्या पायात चपला होत्या. विलास माझ्याकडे वळले.

"शोभा, तुला कधी जाणवलं होतं का? माय असताना?"

किती सोपा प्रश्न. त्या पार्किंगमध्ये, हातात ती तार धरलेला माणूस समोर, आणि माझ्या एका शब्दावर एका म्हातारीचं शहाणपण अडकलेलं. मी 'हो' म्हणाले असते तर त्याच दुपारी विलास गाडी काढून देगलूरला गेले असते.

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही."

त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला. त्यांना तेच ऐकायचं होतं का? असेल. पण खोटं मी बोलले, त्यांनी नाही.

त्या संक्रांतीला आम्ही देगलूरला गेलो. आत्या ओसरीवर बसल्या होत्या, पार वाळून गेल्या होत्या. जाऊबाई त्यांना लहान लेकरासारखी बादलीतून अंघोळ घालायच्या. विलास आत गेल्यावर आत्यांनी मला जवळ बोलावलं. गोळ्यांनी जीभ जड झाली होती, पण नजर स्वच्छ होती.

"पोरी, खरं सांग. आता मी काई तिकडं येत न्हाई. तुला एकदाबी चावला न्हाई का?"

त्या मागत काहीच नव्हत्या. परत यायचं नव्हतं, भांडायचं नव्हतं. आपण वेड्या नव्हतो एवढंच त्यांना मरायच्या आधी ऐकायचं होतं. आणि ते सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं.

"नाही, आत्या," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "मग माझंच डोकं गेलं आसंल," म्हणाल्या, आणि मला संक्रांतीच्या हळदी-कुंकवाचं विचारायला लागल्या. उन्हाळ्यात गेल्या.

आता विलास साठीला आलेत. चष्मा ठेवलेला विसरतात, एखादं नाव आठवत नाही, आणि लगेच गप्प होतात. आईचंच आपल्याला लागलंय, असं त्यांनी मनात धरलंय. लातूरला त्याच डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर सगळं चांगलं आहे म्हणाले. यांचा विश्वास नाही. म्हणतात, मायच्या तपासण्या तरी कुठं वाईट आल्या होत्या? मी एक वाक्य बोलले तर ही भीती जाईल. आई गेली तेव्हाही शहाणी होती, हे त्यांना कळेल. आणि मी कोण आहे, तेही कळेल.

परवा ते मुलीशी फोनवर बोलत होते. "आपल्या घरात हे हाय, बेटा. आजीला झालं, मला व्हायलंय. तूबी पुढं जपून ऱ्हा."

तिकडून ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मी शेजारीच बसून मेथी निवडत होते. निवडत राहिले.