स्कॉटलंडचा बाप आणि माझा भोवरा

त्या दुपारी अमेरिकेत, फ्रीमाँटच्या घराच्या मागच्या पायरीवर ही मोठ्याने पुस्तक वाचत होती आणि मी मेथी निवडत होतो... ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मुलाकडे, अविनाशकडे, राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं. मी चौथीत शाळा सुटलेला माणूस. तेव्हा वाचायचं हिने आणि ऐकायचं मी, ही आमची जन्माची वाटणी.

पुस्तक स्कॉटलंडच्या एका तत्त्वज्ञावर होतं. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, लंडनला जाऊन मोठा विचारवंत झाला. जास्तीत जास्त माणसांना जास्तीत जास्त सुख मिळेल तेच योग्य, असं त्याचं मत. हिंदुस्थानात पाऊल न टाकता त्याने हिंदुस्थानचा जाडजूड इतिहास लिहिला आणि आपल्याला मागासही ठरवलं. "तुमच्या आईने मला न बघताच नाकारलं होतं, तसंच की," ही म्हणाली. थोरल्या पोराला मात्र त्याने तिसऱ्या वर्षीच ग्रीक भाषेला जुंपलं; सवंगडी नाहीत, सुट्टी नाही. पोरगा विद्वान झाला, आणि ऐन विशीत आतून विझला...

ही वाचायची थांबली. मला माझे सुतार वडील दिसत होते, लाकडाच्या भुशात माझ्याकडून पावकी-निमकीचे पाढे घोकून घेणारे. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, अडली म्हणून माझा लाल भोवरा, त्यांनीच घडवलेला, त्यांनीच सरस वितळवायच्या चुलीत टाकला. भोवऱ्यावरची लाख जळल्याचा तो गोडसर, उग्र वास... पाढा कधीच विसरलो, वास नाही. आणि तरी पुढे मी अभ्यासापायी अविनाशचा भोवरा पाणी तापवायच्या बंबात घातलाच. आता इंजिनीअर अविनाश पाच वर्षांच्या लेकीला, रीनाला, रोज शब्दांची कार्डं पाठ करायला बसवायचा, आणि समोरच्या पार्कातला झोपाळा तिला खिडकीतून दिसत राहायचा.

"अहो, त्याला सांगा."

"काय सांगू?"

"भोवरा बंबात घातलात ते चुकलं म्हणून. माझं ऐकत नाही तो. तुमचं ऐकेल."

"उद्या सांगतो," म्हणालो आणि काड्या गोळा केल्या.

संध्याकाळी चहाचा कप उचलता उचलता ती गेली. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले.

सकाळी ओळखीची मंडळी जमली होती; शेजारच्या काकू सगळ्यांना चहा देत होत्या. डोळे सुजलेला अविनाश रीनाला समोर घेऊन कार्डं दाखवत होता... रोजचं काहीतरी हातात धरायचं असेल त्याला. मी कार्डं काढून घेतली.

"तुझा भोवरा मी जाळला. वाईट केलं. तुझी आई मला सांग म्हणाली होती."

तो म्हणाला, "हिरवा होता, बाबा."

मला रंग आठवत नव्हता.

कार्डं कोटाच्या खिशात घातली आणि रीनाला पार्कात नेलं. "हायर, आजोबा," ती म्हणत राहिली, मी आणखी उंच झोके देत राहिलो. बोटांना अजून मेथीचा वास होता.