मावसाजींचं बोट

आमच्या मावसाजींइतका लोकशाहीवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या पुसदमध्ये सापडायचा नाही, आणि त्यापायी घरच्यांची इतकी बोलणी खाल्लेलाही. एसटीच्या डेपोत जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या, हात कायम ग्रीसनं माखलेले. पण मतदान झालं की डाव्या हाताचं शाई लागलेलं बोट ते तान्ह्या पोरासारखं जपायचे. आंघोळीला बसताना त्याला फडकं गुंडाळायचे आणि त्याचं नख तर काही केल्या कापायचे नाहीत. त्यांचा ठाम समज होता, की नखावर शाई आहे तोवर निवडून आलेल्याला जाब विचारायचा आपला हक्क शाबूत आहे. मावशी कपाळावर हात मारायची. "लग्नातली हळद नाही जपली एवढी, अन् हे बोट जपून राह्यले!"

मतदानाच्या दिवशी उजाडायच्या आत ते डेपोतला जुना पाना घेऊन निघायचे आणि गल्लीतल्या एकेका लोखंडी फाटकावर ठणाठणा हाणायचे. "उठा बे! राज्य तुमचं, अन् तुम्हीच झोपून राह्यले?" एका नवरदेवाला तर त्यांनी घोड्यावरून उतरवून रांगेत उभं केलं होतं. वऱ्हाड उन्हात ताटकळलं, पण बोलायची कोणाची छाती नव्हती.

मागच्या निवडणुकीनंतर गल्लीतल्या तुंबलेल्या नालीसाठी ते नव्या आमदाराच्या कार्यालयात गेले. तिथल्या पोरानं काम विचारलं, तर यांनी नुसतं बोट पुढे केलं. पोरगा म्हणाला, "काका, दवाखाना पलीकडं आहे." मावसाजी तसूभर हलले नाहीत. शेवटी साहेब स्वतः बाहेर आले, त्यांनी ते बोट दोन्ही हातांत धरलं आणि नालीचा शब्द दिला. मावसाजी गल्लीभर सांगत सुटले, "पाह्यलं? ओळखलं त्यानं शाईले!"

आणि एका सकाळी टीव्हीवर तेच साहेब दिसले. गळ्यात दुसऱ्याच रंगाचा दुपट्टा, तोंडभर हसू. मावसाजींनी बोटाकडे पाहिलं. नखावर शाई अजून होती. "हे गेली नाही, अन् तो गेला?" एवढंच म्हणाले आणि मावशीकडून नेलकटर मागून घेतलं. मला अजून आठवलं तरी डोकं फिरतं. अरे, भाडेकरूसुद्धा घर सोडताना मालकाला सांगून जातो! या साहेबानं आमचं मत खिशात घालून बिऱ्हाड हलवलं आणि वर त्याला विकास म्हणतात. लाज कशी वाटत नाही?

यंदा तेच साहेब हात जोडत दारात आले. मावसाजींनी खुर्ची दिली, चहा पाजला आणि नालीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. साहेब तर खूश होऊन गेले.

मतदानाच्या दिवशी पाना वाजला नाही. दुपार झाली तरी गल्ली पत्ते खेळत होती. "सगळे सारखेच," कोणीतरी म्हणालं आणि कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मी मावसाजींकडे गेलो. "चला ना, तुम्हीच असं केलं तर कसं?"

"कायले? मी देतो एकाले, तो जाते दुसऱ्याकडं. मंग मले विचारते कोण?"

 मला त्या साहेबाचा, गल्लीचा, मावसाजींचाही राग आला. तणतणत एकटाच मतदानाला गेलो. शाळेत रांगच नव्हती.

परत येताना मावसाजी ओट्यावर बसलेले दिसले. मी तसाच पुढे निघालो, तर त्यांनी हाक मारून माझा हात ओढला. शाईवरून अंगठा फिरवून पाहिला. मग उठून आत गेले आणि खुंटीवरचं आपलं ते जुनं फडकं घेऊन आले. स्वतःच्या कोऱ्या बोटांनी माझ्या बोटाला ते हळूहळू गुंडाळत म्हणाले, "आंघोळीच्या वेळी सांभाळजो, बाप्पा."